दोन्ही हातांनी घेतलेली कडी

मी एक जुनी लाकडी नासपती आहे. हसू नका, मित्रांनो! मी खायची नासपती नव्हे, हातात धरायची. ब्युनोस आयर्सच्या फ्लोरेस्ता भागातल्या एका चौकात घोड्यांचा चक्रीपाळणा आहे, तिथे माझं सगळं आयुष्य गेलं. सध्या मी तिकीटखिडकीशेजारी काचेच्या पेटीत बसले आहे. पेटीला कुलूप आहे.

माझा जन्म एका मोडक्या पायातून झाला. जेनोवाहून बोटीने आलेल्या एका सुताराने हा पाळणा बांधला. एका पांढऱ्या घोड्याचा मागचा पाय मोडला, तेव्हा त्याने घोड्याला नवा पाय बसवला आणि जुन्या पायाच्या लाकडातून मला कोरून काढलं. बुडाशी भोक पाडून त्यात ओढली की सुटेल अशी पितळेची कडी अडकवली. सुतार गेला आणि मी त्याच्या मुलाच्या, अन्सेल्मोच्या हातात आले. पुढे तो हात म्हातारा झाला, पण त्याची माझ्यावरची माया काही आटली नाही.

माझं काम सोपं होतं. टँगोची तबकडी लागायची, पाळणा फिरायचा आणि अन्सेल्मोआजोबा कडेला उभे राहून मला हवेत नाचवायचे. पोरं एका हाताने घोड्याचा दांडा धरून दुसऱ्या हाताने कडी हिसकायला वाकायची. कडी ज्याच्या हाती, त्याला पुढची फेरी फुकट. बघणाऱ्यांना वाटायचं, नशिबाचा खेळ आहे. कसलं डोंबलाचं नशीब! कडी कुणाला द्यायची ते आजोबांचं मनगट ठरवायचं. आगाऊ पोराला ते झुलवत ठेवायचे, आणि रडून ज्याचं नाक लाल झालंय त्याच्यापुढे मला अलगद खाली आणायचे.

कुणाकुणाची पोरं आली म्हणून सांगू! आधी इटलीतून आणि स्पेनमधून आलेल्यांची, मग लेबनॉनवाल्यांची, आर्मेनियन लोकांची, मग बोलिव्हियाच्या भाजीवाल्यांची. तिकीट देणाऱ्या नेलिदाआजी, म्हणजे आजोबांची बायको, या पोरांची नावं घेताना अडखळायच्या. म्हणायच्या, "नावं शंभर तऱ्हेची, पण ओरबाडण्यात सगळी एका आईची लेकरं!" आणि ते खरंच होतं. या देशात आलेलं पोर भाषा नंतर शिकायचं, हिसकणं आधी शिकायचं.

मग हे-रिन आली. कोरियाहून आलेल्या एका कापडवाल्याची मुलगी, भुवयांपर्यंत केस कापलेली. ती रविवारी आपल्या आजीबरोबर यायची आणि नेमकी पांढऱ्या घोड्यावर बसायची. पण कडीसाठी हात म्हणून पुढे करायची नाही. नुसती बघायची आणि मान खाली घालायची.

"ही पोर कडी का घेत नाही गं?" आजोबा विचारायचे.

"लाजत असेल. सगळीच तुमच्यासारखी कोडगी नसतात," नेलिदाआजी म्हणायच्या.

एका रविवारी आजोबांनी ठरवलं, आज हिला द्यायचीच. पांढरा घोडा समोर आला तेव्हा त्यांनी मला जराही हलवलं नाही, अगदी तिच्या छातीपाशी धरलं. "घे गं पोरी, तुझीच आहे. घे!"

आणि तिने घेतली. पण मित्रांनो, तिने दांडा सोडला. दोन्ही हात पुढे केले, मान लववली आणि दोन्ही हातांनी कडी घेतली. पाळणा फिरत होता. घोडा वर उचलला गेला. मला कळलं, ही आता पडणार. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते, हात असता तर तिची बाही धरली असती. मी लाकूड. नुसती बघत राहिले. ती फळीवर आपटली आणि तिचा डावा हात मोडला.

त्यानंतर चौकात लोक नाही नाही ते बोलले. "म्हाताऱ्याने लालूच दाखवून पोरीला पाडलं," इथपर्यंत मजल गेली. आजोबांनी पाळणा बंद केला आणि मला खिळ्याला टांगलं. ते जेवेनासे झाले.

दोन दिवसांनी हे-रिनची आजी आली. आता ही भांडणार, असं मला वाटलं. तिने आधी वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी कडी परत दिली. तिची भाषा तोडकीमोडकी होती.

"इस्पितळात मूठ उघडत नव्हती. म्हणाली, आजोबांची आहे, हरवायची नाही."

"माझं चुकलं हो, बाई," आजोबा म्हणाले.

"तुमचं नाही. मी शिकवलं तिला. मोठ्या माणसाने काही दिलं, तर एका हाताने घ्यायचं नाही. तो अपमान. म्हणून ती कधी घेत नव्हती. त्या दिवशी तुम्ही 'तुझीच' म्हणालात."

आजोबा बायकोकडे वळले. "नेलिदा, अगं, पोर मला मान देत होती! जन्मभर हिसकणारे हात बघितले, आणि मान देणारे हात मला ओळखता आले नाहीत." ते लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी त्या आजीला शब्द दिला, "प्लास्टर निघालं की तिला घेऊन या. मी पाळणा थांबवीन. थांबलेल्या पाळण्यावर तिला कडी देईन, तिला हवी तशी."

त्या दिवसाची मी किती वाट पाहिली!

पण त्याआधीच जुन्या वास्तू जपणाऱ्या एका मंडळाची माणसं आली. त्यांनी पाळणा पुन्हा सुरू करवला, घोड्यांना रंग दिला आणि 'आपल्या बहुरंगी देशाचा वारसा' अशी पाटी ठोकली. कडीचा खेळ धोक्याचा म्हणून बंद केला, आणि मला कडीसकट पेटीत ठेवलं. किल्ली घेऊन ते निघालेसुद्धा.

आजोबा त्यांच्या मागे धावले. "साहेब, एकदाच उघडा. एका पोरीला शब्द दिलाय."

"आजोबा, आता ती तुमची राहिली नाही. ती सगळ्यांची आहे."

"सगळ्यांची आहे ना? मग पोरांना द्या की!"

ते हसले आणि त्यांनी आजोबांचा फोटो काढला.

आता पर्यटक येतात, काचेला नाक लावून मला बघतात. इतकं कौतुक तर मी कामाची होते तेव्हाही झालं नव्हतं. जळो ते कौतुक!

गेल्या रविवारी हे-रिन आली. प्लास्टर निघालं होतं. ती पांढऱ्या घोड्यावर बसली आणि आजोबांनी पाळणा थांबवला. आजोबा माझ्या पेटीपाशी आले, कुलूप ओढून पाहिलं, काचेवर तळवा ठेवला. मी आतून जीव तोडून म्हटलं, घ्या ना मला! कुणाला ऐकू येणार?

"पडद्याची कडी आणू का घरून?" नेलिदाआजींनी हळूच विचारलं.

"खोटी कडी देऊ तिला? नको."

मग ते हे-रिनपुढे गेले आणि रिकामी मूठ पुढे केली. "पोरी, माझ्याकडे काही नाही गं," ते म्हणाले.

तिने दोन्ही हात पुढे केले. मान लववली. त्या मुठीतलं काहीच-नाही तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि ओंजळ मिटली. मग घोड्यावरून उतरून ती खिडकीपाशी आली आणि मिटलेली ओंजळ नेलिदाआजींपुढे धरली.

नेलिदाआजींनीही दोन्ही हात पुढे केले. "मिळाली बरं का, बाळ. जा, बस. ही फेरी फुकट."

पाळणा फिरू लागला. खरी कडी माझ्याच पोटात होती, आणि मी ती देऊ शकले नाही.

तुमच्या गावातही अशा पाट्या लागलेल्या, कुलपात ठेवलेल्या जुन्या वस्तू असतील. शनिवारी एक बाई येऊन माझी काच लखलखीत पुसते, सगळे म्हणतात, किती छान जपलंय! मित्रांनो, तुम्ही कधी या बाजूला आलात, तर माझी काच पुसू नका. कुलूप उघडायला सांगा.