मधलं पान

रस्ता म्हणजे संस्कृती. रस्ता आला की व्यापार येतो, व्यापारामागं विचार येतो आणि माणूस सुधारतो. हे वाक्य मी त्र्याहत्तर साली आमच्या पत्रावळी सहकारी संस्थेच्या ठरावात लिहिलं. मी सेक्रेटरी होतो. त्या रस्त्यानं सगळ्यात आधी गावातल्या धुळाप्पाच्या शेळ्या आल्या. सुधारलेल्या काही दिसल्या नाहीत.

लोहाऱ्याहून माकणीकडं जाताना डाव्या हाताला पळसाचं रान होतं. आजही लग्नात कागदी ताट हातात आलं की मला त्या रानाचा वास येतो. दुष्काळात विहिरी आटल्या होत्या, पण रानात आत शिरलं की पायाखाली गार लागायचं. गुळवेल लोंबायची, रानहळद असायची. बावीस बायका तिथली पानं आणून पत्रावळ्या टाचायच्या. त्यांत कोंडाबाईचा हात सगळ्यात चलाख.

कडेच्या पानाला त्या हात लावत नसत. ऊनवारा खाऊन ते आखूड आणि जाड व्हायचं, काडी टोचली की चिरायचं. मधलं पान सावलीत पसरलेलं, मऊ. चार पानांत पत्रावळ. पण मधोमध जायला अर्धा तास चालायचं आणि भारा डोक्यावर घेऊन यायचं. चेअरमन हिंमतरावांना दया आली. माणूस वाईट नव्हता, त्यांना फक्त कशाचं तरी उद्घाटन करायचं होतं.

"दुष्काळी कामातून रस्ता काढू," ते सभेत म्हणाले. "बैलगाडी थेट मधोमध!"

कोंडाबाई उठली. "चेअरमनसाहेब, मधी हाय म्हणून त्ये पान मोठं हाय. मधनं रस्ता काढल्यावर मधी काय ऱ्हाईल?"

"रस्ता राहील की!"

सभा हसली. मीही हसलो आणि लिहिलं, ठराव एकमताने मंजूर. खाली कोंडाबाईचाही अंगठा घेतला. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

रानाच्या पोटात ऊन शिरलं. रानहळद गेली, गुळवेल वाळली. टाकळा आला, घाणेरी आली, शेळ्यांनी बोरी पेरल्या. झाडांच्या जाती वाढल्या, असं हिंमतरावांनी अहवालात घालायला लावलं, आणि ते खोटं नव्हतं. पान तेवढं आखडत गेलं. चारांची पाच झाली, पाचांची सात. मुरुमच्या एका लग्नात वरण पत्रावळीतून नवऱ्या मुलाच्या मामाच्या धोतरावर उतरलं. दुसऱ्या दिवशी तिथले व्यापारी महालिंगप्पा म्हणाले, "सेक्रेटरी, जेवायला पत्रावळ द्या, चाळणी नको."

संस्था बुडाली. कोंडाबाई खडी फोडायला गेली, आणखी एका रस्त्यासाठी.

शहाऐंशी साली मी मुद्दाम गेलो. जीपमधून उतरलो तर रस्त्याच्या तोंडाला बोरीच्या काट्यांची कुंपाटी. पलीकडच्या तोंडालाही तशीच. दहा वर्षं कोंडाबाई आणि तिची जाऊ सीताबाई शेळ्या अडवत होत्या. चाकोऱ्यांत पळस डोक्याएवढा वाढला होता. त्याच्या सावलीत, माझ्या रस्त्याच्या मधोमध, कोंडाबाई पत्रावळ टाचत बसली होती. मी पानं मोजली.

"पाच?"

"व्हय. सातावरनं पाचावर आलंय. चारावर येईस्तोवर म्या असंन का न्हाय, कुणाला ठावं."

वाटभर जुळवलेलं भाषण मी उभ्यानंच सुरू केलं. "मावशी, त्या सभेत तुमचंच खरं होतं. सगळ्यांना कळलं नाही, पण मला कळलं होतं. तरी मी हसलो. तुम्हाला न सांगता एकमताखाली तुमचा अंगठा घेतला. त्या एका कागदानं एक रान, बावीस घरं..." इथं थांबायचं, हेही मी जीपमध्येच ठरवलं होतं.

कोंडाबाईनं दातातली काडी काढली.

"झालं का?"

"झालं."

"मंग जरा बाजूला सरका. रोपावर उभारलाव तुमी."