वर्नाला मिळालेलं अभय

वर्ना डोम्ब्रोव्स्कीच्या पोटात गोष्ट राहते, हे अमेरिकेतल्या टोलेडोच्या गोदीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर कामगारांचा पुढारी स्टॅन कुबियाक ठेकेदारांशी लाचेची बोलणी करायला तिच्याच बारमधलं मागचं टेबल धरायचा.

एक दिवस वर्नाला ग्रँड ज्यूरीचं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स आलं; चौकशी गोदीतल्या लाचेची होती. बंद खोलीत वीसबावीस अनोळखी माणसं आणि एक सरकारी वकील. न्यायाधीश नाही, आणि तिच्या वकिलालाही आत मज्जाव. प्रत्येक प्रश्नाला ती उठायची, बाहेर बाकावर बसलेल्या आपल्या वकिलाला, हॅरी ग्लिकला, विचारून यायची आणि म्हणायची, "मी स्वतःला गोवणार नाही." दुपारपर्यंत ज्यूरीतले दोघे पेंगायला लागले.

शेवटी सरकारने तिला अभय दिलं. ती काहीही बोलली तरी ते तिच्यावर उलटणार नव्हतं. वर्नाला हायसं वाटलं.

"हसतेस काय, बाई?" ग्लिक म्हणाला. "अभय मिळालं म्हणजे गप्प बसायचा हक्क गेला. आता बोल, नाहीतर तुरुंगात जा."

"मग जाते."

नवरा गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला पहिला खांदा स्टॅनने दिला होता. ते ती विसरणारी नव्हती.

तिला कोर्टात उभं केलं तेव्हा न्यायाधीश फार सौजन्याने बोलले. ही शिक्षा नव्हेच, म्हणाले. कोठडीची किल्ली तुमच्याच हातात आहे, बोललात की सुटलात. ती किल्ली हातात घेऊन वर्नाने तुरुंगाच्या धोबीखान्यात सात महिने चादरी धुतल्या. ज्यूरीची मुदत संपली तेव्हाच ती सुटली.

बाहेर येताच ग्लिकने खाली मान घालून सांगितलं, की स्टॅनचा सरकारशी झालेला करार आता कोर्टात उघड झाला आहे. स्वतःची सुटका करून घेऊन त्याने वर्नाला समन्स येण्याआधीच, ज्यूरी बसली त्या पहिल्याच आठवड्यात, तिच्यापुढे सगळं ओकलं होतं. वर्ना हवी होती ती नुसता दुजोरा द्यायला.

त्याच आठवड्यात स्टॅन बारमध्ये आला. तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "तुझ्यासारखी माणसं आता राहिली नाहीत, वर्ना. तुला निरोप धाडावा असं किती वाटायचं. पण ज्यूरीपुढचं बाहेर बोलायचं नसतं ना. कायद्यापुढे माझा नाइलाज होता."

तिने हात सोडवून घेतले. आत असताना तिने त्या कायद्याचं कलम न् कलम वाचलं होतं.

"ती बंदी ज्यूरीला असते, स्टॅन. साक्षीदाराला नसते."

स्टॅनने ग्लासातल्या बिअरचा एक घोट घेतला. मग त्याने हवापाण्याचा विषय काढला.