मिस्त्रीच्या खिडकीजवळचा तुकडा

मी प्लायवूडचा एक तुकडा बोलतोय. हातभर लांब, वीतभर रुंद. एका कपाटाची पाठ कापून झाल्यावर उरलो आणि जळणाच्या ढिगात जाऊन पडलो. माझं आयुष्य तिथेच आटोपायचं, पण मिस्त्रीच्या एका खोडीमुळे वाचलो.

मिस्त्रीला काम करता करता काहीबाही सुचायचं आणि तो ते हाताला लागेल त्या लाकडावर खरडायचा. मग कामाच्या घाईत तेच लाकूड कुठेतरी ठोकून मोकळा व्हायचा. लोकांच्या घरांतल्या कितीतरी कपाटांमागे त्याच्या कल्पना भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत. घडीच्या शिडीचं चित्र असंच एका गिऱ्हाइकाच्या खणाच्या तळाला गेलं, तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. मला ढिगातून उचलून खिडकीजवळ खिळ्याला टांगलं आणि स्वतःलाच बजावलं, "आता जे काय सुचेल ते इथेच!"

तेव्हापासून जे पाहिलं, त्याने मी अजून थक्क होतो. सकाळी काहीच नसायचं. चहा पिता पिता मिस्त्री थबकायचा, कानावरची पेन्सिल काढायचा आणि माझ्यावर एक रेघ उमटायची. जगात कुठेही नसलेली वस्तू पहिल्यांदा माझ्या अंगावर यायची! रोज तो माझ्यासमोर उभा राहून कालचं वाचायचा, एखादी रेघ वाढवायचा. बऱ्याच कल्पना दोन दिवसांत माना टाकायच्या. काही मात्र बाळसं धरायच्या.

त्यातलीच एक खुर्ची. मिस्त्रीच्या आईचे गुडघे गेले होते. उठवायला दर वेळी कुणाला तरी हाक मारायची तिला लाज वाटे, म्हणून तिने पाणी पिणंच कमी केलं. "तहान नाही रे," म्हणायची. मिस्त्री महिनाभर ती उठताना नुसता पाहत राहिला आणि रोज एक ओळ लिहीत गेला. पाय मागे सरकतात, खाली आडवी पट्टी नको. हात पुढे काहीतरी शोधतात, दांडे चार बोटं लांब. बैठक दोन बोटं उंच. आकडे अजून जुळायचे होते, तोवर आईने अंथरूण धरलं. स्वतः उठायचा प्रयत्नही सोडला. आता तिचं उठणं पुन्हा बघायला मिळणार नव्हतं. जे काही होतं, ते माझ्यावर होतं.

एके दुपारी मिस्त्रीची थोरली बहीण पॉलिशच्या कामाला आली. हात एकदा चालू झाला की थांबायचा नाही, हा तिचा स्वभाव. खिळ्यावरून निसटून मी फळ्यांच्या थप्पीवर पडलो होतो. बाकीच्यांबरोबर तिने मलाही पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केलं.

"ताई, अगं काय केलंस हे!"

"मळलेली फळी वाटली रे मला."

"आईची खुर्ची होती त्यावर."

ताई मटकन खाली बसली. मी कोरा झालो होतो. एवढं भकास मला जळणाच्या ढिगातही वाटलं नव्हतं.

पण तिला राहवेना. तिने मला मांडीवर घेतलं, उजेडात तिरपं धरलं. मिस्त्रीचा हात जड, पेन्सिल टणक. शिसं पुसलं गेलं होतं, दाबाचे चरे मात्र राहिले होते. तिने रंगाचा बोळा माझ्यावरून हलकेच फिरवला. रंग चऱ्यांत उतरला आणि एकेक रेघ दिसू लागली. दांडे आले, बैठक आली, आकडे आले. दोघं भावंडं श्वास रोखून बघत होती. आपल्या आत एवढं शिल्लक आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मी शहारलो.

आठ दिवसांत खुर्ची झाली. आईला तिच्यात आणून बसवलं. तिने दांडे धरले, पाय मागे घेतले आणि उभी राहिली. "सोडा मला, सोडा," म्हणाली. खरं तर कुणी धरलंच नव्हतं.

आता माझं वय झालंय. कडा फुगल्यात, अंगावर रेघांवर रेघा चढल्यात. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की काही सुचलं तर क्षुल्लक म्हणून झटकून टाकू नका. त्याला एक जागा द्या आणि रोज एकदा त्याच्याकडे बघत जा.

आणखी बोललो असतो, पण खुर्ची करकरली. आई उठून एकटीच माझ्याकडे येतेय. मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिल तिने काढून घेतली.

"हो बाजूला," ती त्याला म्हणतेय, "मलाही एक सुचलंय."