जांभळ्या पिंपातल्या दोन गोट्या

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंप आहे. आज जरा कडवट बोलेन, तेवढं पोटात घाला.

बांजूलच्या एका लोहाराने मला घडवलं. आधी माझ्यात गोडेतेल असायचं. त्याने माझ्या झाकणात एक अरुंद नळी बसवली आणि तिच्याखाली आत घंटा टांगली. गाम्बियात आम्हा लोकांचं मतदान असंच होतं. बोटाला शाई लागली की काचेची एक गोटी मिळते. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचा रंगीत पिंप असतो. हव्या त्या पिंपात गोटी टाकायची. घंटा एकदा वाजली, मत झालं. दोनदा वाजली तर मतदान अधिकारी धावत आलेच म्हणून समजा! त्या दिवशी आसपास सायकलही आणू देत नाहीत, उगाच घंटीचा घोटाळा नको. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या माझ्यावर थाप मारून म्हणायच्या, "हा बरा, ह्याला वाचावं लागत नाही." काय सांगू, मला केवढा अभिमान वाटायचा!

गेल्या निवडणुकीत मला जांभळा रंग देऊन नदीकाठच्या एका गावात नेलं. तिथल्या शाळेचे मास्तर डेम्बो सान्यांग तीन वर्षं तुरुंगात होते. गावाला दवाखाना नाही, असा अर्ज त्यांनी सरकारला लिहिला, एवढाच गुन्हा. जांभळ्या उमेदवाराने वचन दिलं होतं की निवडून आलो तर पहिल्याच दिवशी अशा कैद्यांना सोडेन.

आदल्या दुपारी शाळेच्या अंगणात गाव जमलं. डेम्बोचा धाकटा भाऊ सैने कोलाच्या बिया वाटत होता.

"नीट विचार करून घ्या हं," तो म्हणाला. "बी घेतली म्हणजे उद्या जांभळ्यालाच मत, असा शब्द दिला. बापजाद्यांची रीत आहे."

"अरे, डेम्बो काय तुझ्या एकट्याचा भाऊ आहे?" गावप्रमुख गरजले. "आमच्यासाठी आत गेलाय तो. आण इकडे ती बी!"

सगळ्यांनी बिया चावल्या. डेम्बोची आई हावा आनंदाने रडली. मला वाटलं, उद्या मी काठोकाठ भरणार.

कसलं काय! सकाळी गावप्रमुख आले, मला वळसा घालून गादीवरच्या राष्ट्राध्यक्षांच्या पिंपाकडे गेले. टण्! मग त्यांचे भाऊ. टण्! अख्खं गाव आलं आणि मी आपला रिकामा. मेल्यांनो, कालच ना बी चावलीत?

दुपारी हावा आली. "घरी ये रे पोरा," म्हणत तिने गोटी माझ्यात टाकली. मग डेम्बोची बायको न्यिमा आली. तिचीही गोटी माझ्यातच पडली. शेवटी सैने आला. माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"माफ कर दादा," तो पुटपुटला. "होडीवरची सरकारी नोकरी गेली तर घर कोण चालवेल?"

घंटा शेजारी वाजली.

मोजणी तिथेच झाली. "जांभळा, दोन," मतदान अधिकाऱ्यांनी वाचलं. गावाने माना खाली घातल्या. हावा मात्र सुनेकडे वळली.

"आपल्या घरातच तीन मतं आहेत गं. काल तुझ्या बापाच्या दारात सरकारी तांदळाचं पोतं उतरलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. नवरा तिकडे कुजतोय आणि तू त्याला पोत्यासाठी विकलंस?"

"आई, मी टाकली हो! देवाशपथ टाकली! भावजी, तुम्ही तरी सांगा!"

सैनेने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जाऊ दे वहिनी, झालं ते झालं," तो म्हणाला. "आई, चल घरी."

मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. पण घंटेशिवाय मला वाचा नाही.

मित्रांनो, आता मी गंजत गोदामात पडलोय. रंग द्या, न द्या, मला त्याचं काही नाही. मत गुप्तच असावं आणि ते कोणाला द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण भीतीपोटी एखादी गोष्ट केलीत, तर ती दुसऱ्याच्या माथी मारू नका. काही आठवड्यांनी मला न्यायला आलेले शिपाई आपसात बोलत होते, म्हणून मला पुढचं कळलं. जांभळा उमेदवार हरला, मास्तर आतच राहिले. न्यिमाला माहेरी हाकललं. आणि सैने तुरुंगात भेटीला गेला, तेव्हा त्याने भावाला सांगितलं, "दादा, आईने दिलं, मी दिलं. फक्त वहिनीने नाही दिलं."