देवाच्या कप्प्यातली चादर

थांबा, आधी बसू द्या मला. ती खुर्ची सरकव गं इकडे. नाही, रुसले वगैरे नव्हते, फोन उचलायला हात मोकळा नव्हता. सांगते ना सगळं. फक्त मधे मधे बोलू नका, नाहीतर मी इथेच आडवी होईन.

मास्तर आठवतात ना? चर्चमध्ये गाणी बसवायचे ते. आमच्या लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. मला त्यांनी लहानपणीच गायकमंडळातून काढलं होतं, आवाज दांडगा आणि सुराचा पत्ता नाही म्हणून. अजूनही मला भोंगाच म्हणतात. तर ते जिन्यात पडले, डोक्याला मार लागला, उजवी बाजू गेली आणि अंथरूण धरलं. बायको कधीच गेली. एक मुलगी, ती दुसऱ्या शहरात नोकरीला.

पहिल्या आठवड्यात काय गर्दी होती म्हणून सांगू! फादर काय, सिस्टर काय, सगळं चर्च लोटलं होतं. फळं, फुलं, प्रार्थना. मास्तर मला म्हणाले, "भोंगा, एवढी केळी मी काय करू, दुकान टाकू?" मग हळूहळू सगळे पांगले. ज्याला त्याला आपापले व्याप. उरली कोण? माझी आई.

आता आई काही फार देवभोळी नाहीये हं. प्रवचनाला हमखास डुलक्या काढते. पण एक दिवस ती मास्तरांच्या इस्त्रीचे शर्ट द्यायला गेली आणि बघते तर मास्तर ओल्या चादरीवर पडलेले. तशीच बाह्या सरसावून कामाला लागली. दुसऱ्या दिवशी परत गेली. मग रोज, सकाळ-संध्याकाळ. आणि तिच्या मागे मी, कारण हे काम एकटीचं नाही.

तुम्हाला वाटेल चादर बदलणं म्हणजे काय मोठंसं! अगं, वर माणूस झोपलेला असताना बदलायची ती. आधी त्यांना भिंतीकडे वळवायचं, मग मळकी चादर लांबीने गुंडाळत त्यांच्या पाठीला नेऊन टेकवायची, रिकाम्या अर्ध्या गादीवर नवी पसरायची, मग त्या गुंडाळीवरून त्यांना अलगद इकडे वळवायचं आणि पलीकडून मळकी ओढून काढायची, नवी ताणायची. एकीने माणूस धरायचा, एकीने कापड. आणि सुरकुती राहता कामा नये, ती पाठीला लागते आणि जखम होते. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा मास्तर चादरीसकट खाली यायचे बाकी होते. नशीब, खाली केळ्यांचं खोकं होतं!

मी कटकट केली की आई म्हणायची, "प्रभू आजारी पडलाय असं समज आणि ओढ."

मी म्हणायचे, "प्रभू एवढी कुरकुर करत नसणार गं."

"तुला काय माहीत? ओढ."

झालं. पण लाँड्री कोण बघणार? हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे कोट, सगळं होतंच. आई इस्त्री करता करता उभ्या उभ्या पेंगायला लागली. हॉटेलचा एक पलंगपोस जाळला तिने. मनगटं अशी सुजली की पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरायची. आणि मी, खरं सांगू, मी मनातून वाट बघत होते. कारण मास्तरांच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं, मी शनिवारी येतेय, सगळं नीट दिसलं तर ठीक, नाहीतर बाबांना वृद्धाश्रमात ठेवते, जागा बघून ठेवलीये.

मास्तरांनी तर धसकाच घेतला. त्यांच्या खिडकीतून समोर चर्च दिसतं, संध्याकाळी गाण्याचा सराव ऐकू येतो. ते पडल्या पडल्या शिव्या घालतात, "मेले, परत सुरातून खाली उतरले!" तेवढाच त्यांचा दिवस. आईचा हात धरून म्हणाले, "मला इथून बाहेर काढायचं ते एकदाच काढा. दोनदा नको."

आणि आईने शब्द दिला ना! शनिवारी घर लखलखीत दिसेल, म्हणाली.

तर आज शनिवार. आणि काल आमचं वाळवायचं यंत्र बंद पडलं. पट्टा तुटला. दुकानभर ओले कपडे, त्यात मास्तरांच्या चादरीही, पाय ठेवायला जागा नाही. आता आमच्याकडे एक फळी आहे, तिला आई देवाचा कप्पा म्हणते. जे काम फुकट करायचं ते त्या फळीवर. म्हणजे चर्चच्या वेदीवरची वस्त्रं, फादरांचे पांढरे झगे आणि मास्तरांच्या चादरी. मी कितीदा म्हटलं, आई, वेगवेगळं ठेव. तर म्हणे, "एकाच घरचं आहे." सगळं पांढरं, सगळ्याला तशीच कडक इस्त्री, सगळं त्याच जुन्या कापडात बांधलेलं. सकाळी ती पेंगतच उठली, कप्प्यातलं वरचं गाठोडं काखेत मारलं आणि निघाली.

तिकडे सगळं छान चाललं होतं. मास्तरांची दाढी केली, केस विंचरले. मी त्यांना भिंतीकडे वळवून धरलं, आईने मळकी गुंडाळली, गाठोडं सोडलं, पसरलं. तर ते कापड गादीपेक्षा अरुंद! लांब मात्र केवढंतरी. मी म्हटलं, आई, ही आटली की काय? आणि तेवढ्यात मला कडेचे क्रूस दिसले. पांढऱ्या दोऱ्याने भरलेले, बारीक.

आईने पाहिलं. मी पाहिलं. जुनी चादर तर ओलीच, ती परत पसरता येईना. आईने डोळ्यांनीच खूण केली, गप, वळव. मी वळवलं, तिने मळकी ओढून काढली. पण मास्तर ते मास्तर! चर्चमध्ये लग्न असो, रविवारची मिस्सा असो, वेदी मांडायला वर्षानुवर्षं हेच पुढे असायचे. चांगल्या हाताने कड चाचपली आणि ओरडलेच.

"हे वेदीवरचं आहे! काढ! आधी काढ!"

"मास्तर, जरा दम धरा, दुसरी बघते..."

"माझ्या अंगाखाली वेदीचं वस्त्र? अक्कल गहाण टाकलीस का? भोंगा, उचल मला! जमिनीवर ठेव!"

"अहो जमिनीवर काय ठेवू, तुम्ही काय घागर आहात?" मी म्हटलं.

ते धडपडायला लागले, एका बाजूने अंग वर उचलायला बघतात, होत नाही, तोंड लाल. मी खांदे धरलेत, आई पाय धरतेय. आणि त्या झटापटीत त्यांना आवरलं नाही. झालं ते तिथेच. त्या कापडावर.

मास्तरांनी चांगला हात तोंडावर घेतला. आणि मी मान वळवते तर दारात त्यांची मुलगी उभी. हातात बॅग, पायात अजून चप्पल. किल्ली होती तिच्याकडे, आवाजसुद्धा आला नाही आम्हाला.

मला वाटलं, संपलं. पण आईने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती मास्तरांजवळ वाकली, त्यांचा हात तोंडावरून काढला.

"मास्तर, इकडे बघा. कापड आहे. धुतलं की झालं. आमचा धंदाच तो."

"फादरांना काय सांगशील?" इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सांगेन, मास्तरांसाठी लागलं. ते काय म्हणणार, प्रभूपेक्षा कापड मोठं?"

मास्तर रडले हो. मी तर खिडकीकडेच बघत राहिले.

मुलगी बॅग ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली. मी पाणी घ्यायच्या निमित्ताने मागे गेले. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "खरं सांग. तुझ्या आईला झेपणार आहे का हे?"

बघा, हीच तर वाट बघत होते मी! जिभेवर तयार होतं सगळं. म्हटलं, "नाही झेपणार, ताई. मनगटं बघा तिची. ती संपलीये. मीसुद्धा."

"मग तर आश्रमच बरा ना? तूच म्हणतेस."

आणि मला हो म्हणवेना. तोंडातून भलतंच निघालं. "मला काय विचारता? बाबा तुमचे आहेत. आईने एकटीने करावं असं कुठे लिहिलंय?"

बोलले आणि वाटलं, आता खाते थोबाडीत. पण ती खाली स्टुलावर बसली. म्हणाली, "मला भीती वाटते गं. त्यांना असं उघडं बघायची. ते मला हात लावू देणार नाहीत."

"आम्हाला तरी कुठे लावू देत होते? पहिले चार दिवस शिव्याच खाल्ल्या."

हसली ती. म्हणजे अर्धी हसली, अर्धी रडली. मग कपाटातून तिच्या आईचा एक जुना पलंगपोस काढला आणि आम्ही खोलीत आलो. बघतो तर काय, आई खुर्चीत गाढ झोपलेली. तोंड उघडं, हातात ओला फडका. मास्तर हळूच म्हणाले, "उठवू नका तिला."

मग केलं आम्ही दोघींनी. मी माणूस धरला, ताईने कापड. मास्तर भिंतीकडे तोंड करून डोळे घट्ट मिटून पडलेले. पहिल्यांदा सगळं चुरगळलं. मला वाटलं, आता ओरडतील. तर भिंतीकडे बघतच हळू म्हणाले, "घाई करू नकोस. डावीकडून ओढ. हं. आता ताण." दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. तिसऱ्यांदा ताईने स्वतः हात फिरवून बघितलं, सुरकुती राहिली का.

फादरांना मी फोन केला, ते म्हणाले, उद्यासाठी कपाटातलं जुनं काढतो, तुम्ही आधी जेवा. आणि ताईने आश्रमाला फोन करून सांगितलं, तूर्तास नको. शनिवार-रविवार ती येणार. मास्तरांनी ऐकलं, फक्त खिडकी उघड म्हणाले.

म्हणजे बाकीचे पाच दिवस परत आम्हीच! मला काय आनंदाने नाचता येत नाहीये, पाय असे भरून आलेत. आई अजून तिथेच झोपलीये, ताई तिच्यावर पांघरूण घालत होती तेव्हा मी निघाले.

तर आता मुद्द्याचं. आईला मी एक दिवसाआड घरी ठेवणारेय, ती कितीही भांडली तरी. मला जोडीला एक माणूस पाहिजे. सोमवारी संध्याकाळी तुमच्यातलं कोण येतंय? नाही गं, तू प्रार्थना करशील ते ठीकच आहे, करच, पण येशील का? शिकवते मी. अर्धा तास. ते तुला नावं ठेवतील, तेवढं ऐकून घ्यायचं.

बरं, तू? ये मग. नखं मात्र कापून ये.