फोनवरची मावशी

इथले लोक म्हणतात, हा आजार तुमच्याच लोकांत असतो. आमचे लोक म्हणतात, आपल्यात असलं काही नसतंच. पहिल्यांना खरं ठरवायचं आणि दुसऱ्यांना खोटं, हे काम माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. नवरा गेला आणि मागे एचआयव्ही तेवढा ठेवून गेला. तो काविळीने गेला, असंच आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.

मी एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. राहते जाऊबाईंकडे. दवाखान्यात कशाला जातेस म्हणाल्या, की अंगात रक्त कमी आहे म्हणते. दवाखानाही मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाचा धरलाय. तिथे आमच्यातलं काळं कुत्रंही फिरकत नाही.

तिथली डॉक्टरीण भली बाई आहे. पण मला इथली भाषा येते ती कामापुरती. चादर, डाग, लवकर, हो. जगणं नको झालंय आणि तुमच्या गोळ्या मी मोरीत टाकते, हे त्यात कसं बसवायचं? दुभाषी आणू का, असं तिने मागे विचारलं होतं, तेव्हा मी दोन्ही हातांनी नको नको केलं. दुभाषी म्हणजे आमच्यातलंच कुणीतरी. म्हणजे दवंडीच की!

या वेळी रक्ताचा रिपोर्ट बिघडला. तिने मला न विचारताच फोन लावला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला. पलीकडची दुभाषी बाई दुसऱ्या शहरातली, वयाने मोठी वाटली.

"बोल गं बाई," ती आमच्या भाषेत म्हणाली. "डॉक्टर विचारतायत, जेवण जातं का? झोप लागते का? मन कसं आहे?"

नवरा गेल्यापासून इतक्या मायेने मला कुणी विचारलंच नव्हतं.

"मावशी, गोळ्या मी बंद केल्यात," मी म्हणाले. "मला जगायचंच नाहीये."

मग मावशीच्या तोंडून ते निघालं, जे आमच्यातल्या कुणाच्याही तोंडून निघतंच. बारसं असो, मयत असो, नाहीतर बसमधली शेजारीण असो, आम्हाला आधी तेवढं कळावं लागतं.

"अगं पोरी, कुणाची गं तू?"

तिने ते मायेनेच विचारलं, शपथेवर सांगते. पण माझ्या डोळ्यांपुढे जाऊबाई, दीर, लग्नाला आलेली धाकटी बहीण, सगळी उभी राहिली.

"कुणाची नाही. चुकून बोलले मावशी. डॉक्टरांना सांगू नका, पाया पडते तुमच्या. कामाच्या गडबडीत गोळ्या विसरते म्हणावं. बाकी झकास चाललंय."

डॉक्टरीण एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून तोंडभर हसले. आणि आतून जिवाच्या आकांताने म्हणत होते, मावशी, माझं ऐकू नका. खोटं पाडा मला. सांगून टाका तिला.

मावशी इथल्या भाषेत बोलली. थोडंसंच बोलली. डॉक्टरिणीचा चेहरा सैल झाला. तिने माझा खांदा थोपटला आणि गोळ्यांची नवी बाटली माझ्या हातात दिली.

फोन ठेवण्याआधी मावशी हळूच म्हणाली, "काळजी करू नकोस पोरी. कुणाला काही कळणार नाही."