पाठवणीची बाजू

मी ग्रामोफोनची एक जुनी तबकडी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी घड्याळ नाही. सुप्याच्या एका हॉटेलात मला सोनेरी रंग फासला, पोटातल्या भोकात घड्याळाचे काटे बसवले आणि भिंतीला टांगलं. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून चहाला वेळ आहे की नाही ते ठरवायचे. माझ्या आत अख्खा बँड आहे, हे एकालाही सुचलं नाही. संताप होणार नाही तर काय?

माझा जन्म विलायतेतला, लाखेचा. तेव्हा मायक्रोफोन नव्हते. पलटणीचा सगळा बँड एका खोलीत दाटीवाटीनं बसवला होता आणि एका मोठ्या कर्ण्याकडे तोंड करून सगळे जिवाच्या आकांतानं वाजवत होते. माझ्या एका बाजूला कवायतीची चाल उमटली. दुसऱ्या बाजूला ऑपेरातली, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातली एक धून. मेजवानीत दारूचे पेले उंचावून गायची, चांगली धिंगाण्याची.

नगरच्या छावणीतून मी काष्टीला रंभाजींकडे आले. त्यांचा लग्नात वाजवणारा बँड होता. त्यांच्या ग्रामोफोनची स्प्रिंग ढिली झालेली, किल्ली कितीही दिली तरी मी रेंगाळतच फिरायचे. त्यामुळे पेल्यांची ती धून इतकी संथ आणि जड झाली की रंभाजींनी डोळे पुसले. ही लेक सासरी जातानाची धून आहे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं आणि क्लॅरनेटवर बसवली. पंचक्रोशीत पाठवणीला तीच वाजू लागली. मी आधी मनातल्या मनात हसले. पण बायका तोंडाला पदर लावून रडायला लागल्या तेव्हा माझं हसू जिरलं.

रंभाजी गेले. बँड त्यांचे चिरंजीव भीमराज चालवू लागले. लग्नात सिनेमाची गाणी आली, मग डीजे आला, आणि मी फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेले. घराची डागडुजी निघाली तेव्हा भीमराज लग्नाची सुपारी वाजवायला जामखेडला गेले होते. मागे माळा रिकामा झाला आणि मी भंगाराच्या टेम्पोत पडले. फुटका रांजणसुद्धा ठेवून घेतला हो घरच्यांनी! मला कुणी हातात धरून पाहिलंही नाही.

भीमराजांची लेक प्रज्ञा सुप्याच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिचं लग्न ठरलं आणि भीमराजांच्या जिवाला एकच घोर लागला. पाठवणीची धून त्यांना अर्धीच येत होती. पुढचा भाग रंभाजी एकटेच वाजवायचे. एका दुपारी प्रज्ञा त्या हॉटेलात जेवायला आली. माझ्या कडेला आजोबांनी खिळ्यानं कोरलेलं स्वतःचं नाव तिनं रंगाखालूनही वाचलं. हॉटेलवाले कल्याणशेठ म्हणाले, भंगारात पडली होती, आम्ही निदान कामाला तरी लावली. कामाला! माझं काम काय होतं, ते यांना कोण सांगणार?

भीमराजांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते क्लॅरनेट घेऊन आले. कुणाशी भांडले नाहीत. माझ्यासमोर उभं राहून धून वाजवू लागले. जेवणाऱ्यांचे हात थांबले. आणि मध्येच भीमराजही थांबले.

"याच्या फुडचं तुमच्या भितीवर हाय," ते म्हणाले.

कल्याणशेठ गल्ल्यावरून उठले. स्वतः स्टुलावर चढले आणि मला उतरवलं.

भिंतीकडची माझी बाजू, तीच पाठवणीची, रंगातून वाचली होती. प्रज्ञानं मैत्रिणीकडून विजेवर चालणारा प्लेअर आणला. सुई टेकली आणि कित्येक वर्षांनी मी माझ्या खऱ्या वेगानं धावले. पेले, हशा, धिंगाणा! प्रज्ञाला हसू फुटलं. भीमराजांचा चेहरा मात्र उतरला.

"ह्ये आबाचं न्हाई."

खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्याच सुरांचा राग आला. मी तर अस्सल वाजत होते, आणि तरी तो बाप रिकाम्या हातानं उठायला निघाला होता. मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, त्यांनी एक बोट माझ्या कडेवर हलकेच टेकवलं. मी मंदावले. आणखी मंदावले. आणि रंभाजींची धून आली, अर्ध्याच्या पुढचीसुद्धा. प्रज्ञाचं हसू थांबलं. तिनं बापाचा दंड धरला.

लग्नात ती धून पुरी वाजली. मित्रांनो, जुन्या वस्तूला खिळा ठोकण्याआधी ती काय बोलते ते ऐका. ऐकून ती परकी वाटली, तर लगेच उठू नका. एक बोट टेकवून बघा.